आमचा दीड दिवसाचा गणपत

रत्नागिरीत घर शोधताना आम्हाला आमची जात कुणीही विचारली नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यांचा उगाच गैरसमज नको. एकानंही विचारली नाही. रत्नागिरी हे शिकल्यासवरल्या माणसांचं गाव, तिथं असलं काही विचारायची पद्धत नाही. तिथं गाव विचारतात, गावातली वाडी विचारतात, मुंबईत कुणाकडे उतरता ते विचारतात, मासे खाता का आणि खात असाल तर कुठल्या वारी खाता ते विचारतात, आणि मग समोरच्या खुंटीला लटकलेली घराची किल्ली अचानक सापडेनाशी होते. माझी भाची हल्ली पुण्यात भाड्यानं घर बघतेय. मोबाइलवर बोटानं घरं सरकवत असते. परवा मला म्हणाली, "मावशी, इथं फॅमिली बॅकग्राउंड विचारतात गं." मी म्हटलं, बघ, मोबाइल आला तरी माणसं किती सभ्य राहिली आहेत.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत कारकून होते. दापोलीहून रत्नागिरीला त्यांची बदली झाली ती दिवाळीच्या फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचे होते तेव्हा. बदल्या उन्हाळ्यात करतात, हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त बदल्या करणाऱ्यांना नसतं. दापोलीत आम्ही सरकारी खोल्यांत राहत होतो. अण्णांच्या जागी येणाऱ्या माणसाचं कुटुंब इतकं तत्पर की आम्ही निघायच्या आधीच त्यांची बाई येऊन आमच्या खिडक्यांना पडद्यांची मापं घेऊन गेली. आमचा दिवाळीचा कंदील तिला आवडला, तो तसाच राहू द्या म्हणाली. आयनं तो तिच्यासमोर काढून ट्रंकेत ठेवला. आय म्हणजे माझी आई. तिच्या बोलण्यात दाभोळकडचं पाणी होतं, आणि शहरात दहा-बारा वर्षं काढूनही तिनं ते हलू दिलं नव्हतं.

मी तेव्हा अकरावीला होते, विज्ञान शाखेला, आणि मला त्या विज्ञानाचा भलताच गर्व होता. रत्नागिरीच्या कॉलेजानं मला दुसऱ्या सत्रापासून घ्यायचं कबूल केलं होतं, पण सोमवारी सत्र उघडेल तेव्हा मुलगी वर्गात बसलेली दिसली पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला, असं बजावून. मुलींचं वसतिगृह भरलेलं. आमचं गाव दाभोळच्या खाडीकाठी, तिथं शाळा दहावीपर्यंत. दहावीनंतर तिथल्या मुलींना दोनच वाटा, एक खाडी ओलांडणाऱ्या तरीची आणि दुसरी लग्नाची, आणि तरीतून जायला घरचे पाठवत नसत. माझ्या मावशीनं मुंबईतला एक मुलगा माझ्यासाठी हेरूनही ठेवला होता. तो गोदीत होता, निर्व्यसनी होता आणि, मावशीच्या शब्दांत, "दिसायला वायट नाय." तेव्हा बेत ठरला तो असा: शनिवारी सकाळी अण्णा, आय आणि मी एसटीनं रत्नागिरीला जायचं आणि घर शोधायचं. मागून गणपतकाका, म्हणजे अण्णांचा धाकटा भाऊ, आमचं सामान ट्रकात घालून सोमवारी सकाळी रत्नागिरीच्या स्टँडसमोर येऊन उभा राहणार. घर मिळालं असेल तर सामान तिथं उतरणार. नसेल तर त्याच ट्रकात सामानावर बसून आय आणि मी गावी जाणार, अण्णा लॉजवर राहणार, आणि माझं विज्ञान त्या ट्रकाच्या मागल्या फळीवरून खाली पडणार. हे मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं, पण मला चांगलं समजत होतं.

लॉज स्टँडला इतका चिकटून होता की उशीला डोकं टेकलं तरी चिपळूण, पाली, देवरुख अशा गाड्या कानात लागत. खाली खानावळ होती. तिथं बांगड्याचं तिखलं मिळायचं, आणि पहिल्या घासाला आयनं ते ताटात बाजूला सारलं. "तिरफळं घातलीच नायत," ती खानावळवाल्याला ऐकू जाईल असं म्हणाली. "ह्यांच्या गावात आपण घर घेतोय." आयच्या दृष्टीनं ज्या गावात बांगड्याला तिरफळं घालत नाहीत तिथं पुढं काही भलं होण्याची शक्यता नव्हती. तिचं तिखलं मी अजून करते. मुलं म्हणतात जळजळतं, आणि दोनदा घेतात.

अण्णांच्या नव्या कचेरीतले एक सावंत म्हणून होते. अण्णांची त्यांची ओळख शनिवारी दुपारी झाली आणि तासाभरात ते आमचे पुढारी झाले. घर शोधणं ही बोलण्याची कला आहे, असं त्यांचं मत होतं. "मोहिते," ते अण्णांना म्हणाले, "तुमचं आडनाव म्हणजे सोनं आहे. मोहिते म्हटलं की समोरचा आपला आपण काय तो समज करून घेतो. तुम्ही फकस्त गप ऱ्हायचं."

"आणि विचारलं तर?" अण्णांनी विचारलं.

"इचारत कोण नाय हो," सावंत म्हणाले.

ते खरंच होतं. अडचण एवढीच की अण्णांना गप्प राहता यायचं नाही. इतर माणसं भेटल्यावर नमस्कार करतात तसं अण्णा "आम्ही बौद्ध" म्हणायचे. लहानपणी ते ज्या शाळेत शिकले तिथं त्यांना इतकं गप्प बसवलेलं होतं की पुढं आयुष्यभर त्यांनी ते वसूल केलं. सावंत त्यांच्या कोपराला चिमटा काढायचे, पण चिमटा पोचेपर्यंत वाक्य संपलेलं असायचं.

माळनाक्याजवळ पहिलं घर बघितलं. मालक झोपाळ्यावर बसलेले, पायानं हलकेच झोका घेत. घर छान आहे, हवेशीर आहे, पोरीला कॉलेज जवळ आहे, सगळं तेच म्हणाले. मग विचारलं, "गाव दाभोळकडे म्हणालात. वाडी कुठली?" कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं की आमच्याकडे वाडी सांगितली की माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही. अण्णा म्हणाले, "बौद्धवाडी." झोपाळा थांबला नाही, थोडा हळू झाला. "वा वा," मालक म्हणाले, "वाडी छान आहे हो ती. हिरवीगार." मग त्यांना आठवलं की मुंबईहून त्यांचा पुतण्या येणार आहे आणि हे घर त्याला कबूल केलेलं आहे. शिवाजीनगरच्या घराच्या मालकांचाही पुतण्या यायचा होता. नाचण्याच्या रस्त्यावरच्या बाईंचा तर पुतण्या बायकोमुलांसह यायचा होता. त्या दोन दिवसांत मुंबईहून रत्नागिरीला इतके पुतणे यायचे होते की एसटीला जादा गाड्या सोडाव्या लागल्या असत्या. सावंत सोडले तर आमच्यापैकी कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही. सावंतांना वाटलं, कारण ते घरमालकांना ओळखत होते आणि त्यांच्या पुतण्यांनाही.

एक घर मात्र मिळता मिळता राहिलं. राजिवड्याकडच्या मोहल्ल्यात एक चाचा होते. अण्णांनी आपलं वाक्य टाकलं तेव्हा ते म्हणाले, "बौद्ध तर बौद्ध. भाडं टायमावर द्या न् नळ उघडा टाकू नका, म्हणजे झालं." अण्णा एवढे खूश झाले की तिथंच पायरीवर बसले. तेवढ्यात आय माझ्या कानाशी लागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाली, "शेजार कोणाचा हाय गो?" सावंत हसून हसून लाल झाले. अण्णा आयवर डोळे वटारतायत तोवर दारात एक रिक्षा थांबली, आणि दोन अवाढव्य बॅगा घेऊन एक गोरटेला तरुण उतरला. चाचांनी त्याला मिठी मारली. कुवेतहून, न कळवता आला होता. तो चाचांचा पुतण्या होता. आम्ही पाहिलेला हा एकमेव खरा पुतण्या, आणि तो नेमका ह्याच घरात यायचा होता. चाचांना बिचाऱ्यांना तोंड दाखवायची चोरी झाली. त्यांनी आम्हाला पोटभर चहा-खारी खाऊ घातली आणि पुतण्यानं आणलेलं खजुराचं पाकीट माझ्या हातात दिलं. घराऐवजी खजूर घेऊन आम्ही लॉजवर आलो.

रविवारी दुपारी, आता सगळं संपलं अशा वेळी, सावंत आम्हाला झाडगावात एका निवृत्त शिक्षिकेकडे घेऊन गेले. त्यांचं नाव लिहीत नाही. सगळं झाडगाव त्यांना बाई म्हणायचं. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, पुढच्या बाजूला त्या राहायच्या आणि मागच्या दोन खोल्या रिकाम्या. कौलारू घर, मागं पडवी, अंगणात चिऱ्यांनी बांधलेली विहीर आणि तिच्यावर रहाट. खिडकीतून दुसऱ्या आळीच्या नारळांचे शेंडे दिसत होते. मला ते घर पाहताक्षणी हवंसं वाटलं. खिडकीखाली टेबल ठेवायचं, तिथं बसून रसायनशास्त्राची वही लिहायची, हे मी उभ्या उभ्या ठरवून टाकलं. अण्णा आपलं वाक्य बोलायच्या आत सावंतांनी त्यांना कौलं दाखवायला ओढून परसात नेलं. आय आणि मी बाईंच्या स्वयंपाकघरात. बाईंनी आम्हाला कोकम सरबत दिलं आणि समोर पाटावर बसून सुपारी कातरत गप्पा सुरू केल्या.

इथं गणपतकाकाची थोडी माहिती द्यायला हवी. काकाचा जन्म धर्मांतराच्या आधीचा, म्हणून नाव गणपत. पुढं धर्म बदलला, नाव तेवढं राहून गेलं. त्यात वयाबरोबर त्याचं पोटही नावाला शोभेसं झालं, तेव्हा घरात त्याला सगळे गणपतीच म्हणायचे. नोकरी मुंबईला, रजा मिळायची जेमतेम, आणि आला की दीड दिवसात आयच्या स्वयंपाकघराची दाणादाण उडवून जायचा. सामानाचा ट्रक घेऊन तोच यायचा होता, त्यामुळे शनिवारपासून आयच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. ट्रकवाल्याला रस्ता बरोबर सांगेल ना, पाटा-वरवंटा विसरेल का, असं सारखं चाललेलं. सावंतांनी ह्या बाईंनाही त्याच्याबद्दल सांगितलं असेल, असं तिनं धरूनच चाललं होतं.

"पाहुण्यारावळ्यांचं फार असतं का हो तुमच्याकडे?" बाईंनी विचारलं.

"नाय वो बाय. कोण येतंय आमच्याकडं."

"आणि गणपती? गणपती किती दिवस असतो तुमच्याकडे?"

आता हा प्रश्न कोकणात हवापाण्यासारखा विचारतात. दीड दिवसाचा, पाच दिवसांचा, गौरीबरोबर जाणारा, उत्तर काही येवो, पण उत्तर आलं की घराण्याचा अंदाज येतो. उत्तर आलंच नाही की त्याहून बरोबर अंदाज येतो. बाईंनी सुपारी कातरायची थांबवली नव्हती, पण अडकित्त्याचा आवाज बारीक झाला होता. मला सगळं कळलं. मी सरबताचा पेला खाली ठेवला.

"दीड दिवस," आय म्हणाली.

बाईंचा चेहरा खुलला. "हो का? आमच्याकडेही दीडच दिवस."

"तुमच्याकडं पण हाय?" आयला आश्चर्य वाटलं. बाईंना दीर असल्याचं सावंत बोलले नव्हते.

"म्हणजे काय! पिढ्यान्पिढ्या. जास्त दिवस ठेवायचा म्हटलं तर होत नाही हो आता माझ्यानं."

"झेपतच नाय," आय मनापासून म्हणाली. "खाण्यापिण्याचं लय असतं त्याचं."

"मोदकच किती करावे लागतात."

"मोदक नाय. आमच्याला वडे लागतात."

"असेल, असेल. ज्याची त्याची रीत."

"येतो कसा वाजतगाजत," आयला आता सूर सापडला होता, "घर डोक्यावर घेतो. पण जाताना पोरांना रडवून जातो, बाय. ही आमची सुजाता, आता एवढी घोडी झाली, तरी रडती."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. "अगदी बोललात. त्या दिवशी मला तर जेवण जात नाही."

दोघींची आपापल्या गणपतीची आठवण काढून झाली. मग बाई उठल्या, खुंटीवरची किल्ली काढली आणि आयच्या हातात दिली. मी गप्प बसले. मी तेव्हा बोलायला हवं होतं, असं मला नंतर एकदोन विचारवंतांनी सुनावलं आहे. त्यांना राहायला घरं होती.

लॉजवर परतल्यावर आयनं अण्णांना झालेलं बोलणं शब्द न् शब्द सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "बाईचा दीरपण दीडच दिवस ऱ्हातो म्हणं." अण्णा खो खो हसायला लागले. खाटेची पट्टी करकरेपर्यंत हसले. मग थांबले, आणि त्यांचा चेहरा बघून मला कळलं की आता काही खरं नाही.

"सकाळी सामान उतरायच्या आधी सांगणार मी त्यांना," ते म्हणाले.

सावंत कळवळले. "अहो, खोटं कोण बोललं पण? वहिनींना वाटलं दिराबद्दल इचारलं, त्यांनी दिराबद्दल सांगितलं."

"आणि भाद्रपदात काय करू? गणपतला पाटावर बसवू? आणि दीड दिवसानं भाट्याच्या समुद्रात नेऊन सोडू?"

"पवता येतंय त्याला," आय म्हणाली.

मला हसू आलं नाही. मला अण्णांचा भयंकर राग आला होता. घर मिळालेलं, किल्ली आयच्या कमरेला, खिडकी, टेबल, सगळं माझं झालेलं, आणि ह्या माणसाला सकाळी उठून ते परत करायचं होतं. मी म्हटलं, "अण्णा, एक वर्ष गप्प बसलात तर काय बिघडेल?" त्यांनी मला रागावून उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "सुजाता, ज्या घरात गप्प बसून शिरलो, त्या घरात रोज गप्प बसावं लागतं. तुला जमेल एखादवेळ. मला नाही जमायचं." मला त्यांचं म्हणणं पटलं, आणि पटल्यामुळे आणखी राग आला. त्या संध्याकाळी मी चाचांच्या पुतण्याचे सगळे खजूर एकटीनं खाल्ले.

सोमवारी अण्णांचा बेत होता की ट्रक येण्याआधी जाऊन बाईंना सांगून यावं. पण गणपतकाका आयुष्यात एकदाच वेळेच्या आधी पोचला आणि तो हाच दिवस. स्टँडवरून आम्ही सगळे ट्रकातूनच झाडगावात गेलो. ड्रायव्हरशी काकाचं रात्रभरात इतकं सूत जमलं होतं की त्यानं काकाला हॉर्न वाजवायला दिला होता, आणि काकानं तो माळनाक्यापासून बाईंच्या फाटकापर्यंत वाजवला. आळीतली माणसं कुंपणाच्या दगडी गडग्यावरून डोकावायला लागली. बाई फाटकात उभ्या, मागोमाग सायकलवरून सावंत आलेले.

अण्णा पुढं झाले आणि त्यांनी नेमकं त्या दिवशी लांबण लावलं. एरवी दोन शब्दांत सांगणारा माणूस, पण आज घर मिळालेलं होतं, तेव्हा ते "आपण काल मोठ्या विश्वासानं" इथून सुरू झाले आणि वाक्य संपता संपेना. तेवढ्यात काका केबिनमधून उतरला, पोटावरचा शर्ट खाली ओढला आणि "ह्या घर काय वयनी? झकास हाय!" असं ओरडला.

बाईंनी विचारलं, "हे कोण?"

"ह्योच की आमचा गणपती," आय म्हणाली. "तुमी इचारलात त्यो. दीड दिवस ऱ्हाईल, उद्या रातच्या गाडीनं जाईल."

बाईंनी काकाकडे पाहिलं. पोटाकडे पाहिलं. कालचं सगळं बोलणं, मोदक, वडे आणि डोळ्यांना लावलेला पदर, त्यांच्या चेहऱ्यावरून उलटं चालत गेलेलं मला दिसलं. अण्णांना एकदाचे आपले दोन शब्द सापडले. "आम्ही बौद्ध," ते म्हणाले. "आमच्याकडे गणपती बसत नाही."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. बाई म्हणाल्या, "तसं नाही हो, माझं काहीच म्हणणं नाही. पण माझा मुंबईचा पुतण्या—" आणि थांबल्या. सावंत सायकल धरून खाली मान घालून म्हणाले, "बाई, तुम्हाला पुतण्या नाय." इतक्या हळू म्हणाले की त्यांचंच कुणी वारलंय असं वाटावं. बाईंचे कान लाल झाले. त्यांनी गडग्यावरून बघणाऱ्या आळीकडे पाहिलं, आयच्या कमरेच्या किल्लीकडे पाहिलं. मी मनातल्या मनात कॉलेजच्या घंटेची वेळ मोजत होते आणि अण्णांचा, बाईंचा आणि सगळ्या रत्नागिरीचा द्वेष करत होते.

शेवटी बाई अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "राहा हो तुम्ही. कोण नको म्हणतंय? फक्त विहिरीचं तेवढं… तुम्ही कशाला त्रास घेता? तुमचं पाणी मीच काढून देत जाईन."

बोलण्यात नाव ठेवायला जागा नव्हती. अर्थ एवढाच की आमची कळशी त्यांच्या विहिरीत जाणार नव्हती. हे वाक्य अण्णांनी लहानपणी ह्याहून कमी गोड आवाजात पुष्कळ ऐकलेलं होतं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. ते ड्रायव्हरकडे वळून म्हणाले, "गाडी वळवा." मला त्यांच्या पायांना मिठी मारावीशी वाटली आणि त्यांना ढकलून द्यावंसंही वाटलं. काका केबिनच्या पायरीवर चढलासुद्धा.

तेव्हा आय पुढं झाली. "थांबा वो," ती अण्णांना म्हणाली आणि बाईंकडे वळली. "तुमी पानी भरणार आमचं? रोज?"

"हो," बाई म्हणाल्या.

"लय उपकार झाले, बाय. माझी कंबर दुखती. सकाळी दोन हंडे न् दोन कळशा लागतात. आंघोळीचं वायलं. पोरीला कालेजला जायाचं असतं, तवा जरा येळेवर भरा." आणि काकाला म्हणाली, "बघतोस काय? उतरव सामान. बाय पानी आणतायत."

शब्द बाईंनीच दिलेला, तोही फाटकात उभं राहून, सगळ्या आळीदेखत. काकानं आमचे हंडे सगळ्यात आधी उतरवले आणि विहिरीच्या कठड्याशी ओळीनं मांडून ठेवले. अण्णा बराच वेळ ट्रकाच्या आडोशाला उभे होते. ते हसत होते की आणखी काही, ते मी पाहायला गेले नाही. मी वेणी घातली आणि सावंतांच्या सायकलवर मागं बसून कॉलेजला गेले. भौतिकशास्त्राचा पहिला तास माझा बुडाला, दुसऱ्याला मी वर्गात होते.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे रहाटाचा आवाज यायचा. बाई आमचं पाणी भरायच्या. दोन हंडे, दोन कळशा, आंघोळीचं वायलं. आय पडवीत हात कमरेवर ठेवून उभी राहायची आणि सूचना करायची. "आज आणखी एक घागर काढा बाय, पोरीला केस धुवायचेत." "काल कळशी जरा उणीच होती." आयच्या कंबरेला काहीही झालेलं नव्हतं. तीच कंबर घेऊन ती दुपारी पाट्यावर दोन नारळांचं वाटण वाटायची. अण्णांना हे पाहवत नसे. ते म्हणायचे, पुरे कर आता. आय म्हणायची, "त्यांनी सोताहून कबूल केलंय. मी कोणाचा शबूद मोडू?" मी त्या पाण्यानं आंघोळ करून, त्या पाण्याचा चहा पिऊन कॉलेजला जायचे, आणि सांगायला हरकत नाही, ते पाणी फार गोड लागायचं.

थंडीत विहिरीला पाणी वर होतं तोवर बाईंनी निभावलं. शिमग्याच्या सुमारास पाणी खाली गेलं, दोर लांबला, बाई दर कळशीमागं कठड्यावर टेकायला लागल्या. एके सकाळी समोरच्या घरातली एक सून गडग्यावरून म्हणाली, "काय हो बाई, ह्या वयात भाडेकरणीचं पाणी भरता?" साधाच प्रश्न, तीही सभ्य घरातली होती. बाईंनी अर्ध्यावर आलेली कळशी तशीच धरून ठेवली. मग ती वर काढली, दोराची गुंडाळी केली आणि पडवीत येऊन आयसमोर धरली.

"सुजाताच्या आई," त्या म्हणाल्या, "तुमचं तुम्ही काढा. माझे खांदे गेले."

"असं कसं बाय," आय म्हणाली, "आन् विहीर?"

"विहिरीचं काय?" बाई चिडून म्हणाल्या. "विहीर काय पळून जातेय?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खांद्यांमुळे असेल, नाहीतर सुनेमुळे.

आयनं दोर घेतला. चप्पल काढली, विहिरीवर गेली आणि एका दमात कळशी खाली सोडली. पहिली कळशी काढली ती तिनं आमच्या हंड्यात ओतली नाही. बाईंच्या पायरीवर त्यांचा रिकामा हंडा होता, त्यात ओतली. "दमलायसा," एवढंच म्हणाली, आणि दुसरी काढायला वळली. बाई हंड्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि आत गेल्या.

मी बारावी त्याच घरातून झाले, पुढं पदवीही. मुंबईतल्या त्या दिसायला वाईट नसलेल्या मुलाला दुसरी मुलगी मिळाली. आय त्यानंतर रोज पाणी काढायची आणि रोज पहिली कळशी बाईंच्या हंड्यात घालायची. बाई रोज तो हंडा उचलून आत न्यायच्या, "कशाला हो" असं म्हणून. ते पाणी त्या प्यायच्या, की मागच्या दारानं नेऊन ओतायच्या, हे मला कधी कळलं नाही आणि आयनं कधी विचारलं नाही. एवढंच माहीत आहे की त्या उन्हाळ्यात, सगळ्या झाडगावातलं अळू सुकून गेलं तेव्हा, बाईंच्या मागच्या दाराशी ते कमरेएवढं माजलं होतं.